वकील सोडून गेले, पुढची तारीख पुराव्याची. स्वतःच उभं राहू का? (कोल्हापूर)

सीएनसी_शिरोली

नमस्कार. शिरोली एमआयडीसीत सीएनसी मशीनवर आहे, शिफ्ट संपवून लिहितोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

घटस्फोटाचा दावा मीच लावलाय, 18 सप्टेंबर 2023 ला. कारण लिहिलंय परित्याग, म्हणजे बायको सोडून गेली. गेल्या महिन्यात माझ्या वकिलांनी वकीलपत्र काढून घेतलं. फी थकली होती, त्यामुळं त्यांना नावं ठेवत नाही. पण पुढच्या तारखेला 'अर्जदाराचा पुरावा' लागलाय आणि अर्जदाराकडं पिशवीभर कागद सोडले तर काही नाही.

हकीकत अशी. आम्ही शाहूपुरीत कुंभार गल्लीच्या अंगाला भाड्यानं राहत होतो. 2021 च्या पुरात, 23 जुलैला, बायकोला आणि मुलीला मी राजारामपुरीत तिच्या मावशीकडं नेऊन सोडलं. रस्ते सुरू झाल्यावर ती तिथनंच गडहिंग्लजला माहेरी गेली. पाणी उतरलं, घर धुऊन काढलं, चुना मारला, ती काही आली नाही. दिवाळीला मामांना घेऊन आणायला गेलो. तिथं वाद झाला, चहासुद्धा न घेता परत आलो. मुलगी आता नऊ वर्षांची आहे. कोर्टानं दोघींना मिळून महिना 7000 अंतरिम पोटगी लावलीय. माझा पगार 24000. दोन महिन्यांची पोटगी थकली आहे.

तिच्या कैफियतीत, म्हणजे दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरात, असं आहे की ती पुरामुळं गेली आणि मी कधी न्यायला आलोच नाही.

स्वतः केस चालवलेलं कोणी असेल तर सांगा. कितपत बोलू देतात? एवढ्या वर्षांचं साठलंय, सगळं सांगायचंय. आणि मुख्य म्हणजे तिचा उलटतपास मीच घ्यायचा का? भर कोर्टात तिला 'तू' म्हणू की 'तुम्ही'? हसू नका, खरंच यावर रात्री झोप लागत नाही.

भडंगवाली

हसत नाही दादा. माझा पण हाच पहिला प्रश्न होता, फक्त उलटा. घरात मी त्याला 'अहो' म्हणायची, कोर्टात रागानं 'अरे' निघतंय का काय याची धास्ती. 'तुम्ही' म्हणा. दोन प्रश्न झाले की जीभ वळते.

मी तुमच्या बायकोच्या जागी होते. दावा त्यानं लावलेला, त्याच्या नोकरीच्या गावी, दुसऱ्या जिल्ह्यात. मी जाबदार, म्हणजे जिच्यावर दावा ती. वकील परवडेना म्हणून कोर्टानं वाद-मुद्दे (भांडण नेमकं कशावर ते) काढल्यापासनं मीच उभी राहिले. मंगळवार पेठेत घरगुती भडंगाचा धंदा आहे. पहाटे उठून माल भरायचा, एसटी धरायची, अकराच्या आत कोर्टातल्या बोर्डासमोर, जिथं त्या दिवशीच्या केसेसची यादी लागते. असं दीड वर्ष.

'सगळं सांगायचंय' याचं आधी बघू, कारण माझं तिथंच बुडत होतं. त्याच्या वकिलानं मला विचारलं, तुम्ही घर सोडलं तेव्हा नवरा घरात होता का? उत्तर 'नाही' एवढंच. मी दहा मिनिटं बोलले. सासूनं पाटल्या काढून घेतल्या, जोतिबाच्या यात्रेला पाठवलं नाही, मधेच रडले, आणि त्या भरात म्हणाले, "शेवटी मीच माझी बॅग भरली न् निघाले." वकील शांतपणे ऐकत उभा. दहा मिनिटांतलं ते एकच वाक्य त्यानं नोंदवून घ्यायला लावलं. जज मॅडम म्हणाल्या, "ताई, विचारलंय तेवढंच सांगा." रागानं नाही म्हणाल्या, पण तोवर व्हायचं ते झालं होतं.

दुसरी गंमत. आपल्याकडं बायका 'मी जातो, मी करतो'च म्हणतात. मीही सवयीनं म्हणाले, "मी माहेरी गेलो." तिकडच्या टायपिस्टला वाटलं मी नवऱ्याबद्दल बोलतेय. कागदावर आलं, 'तो माहेरी गेला'! सही करायच्या आधी वाचलं म्हणून सापडलं, तिथल्या तिथं सांगून दुरुस्त करून घेतलं. जबाब टाईप झाला की घाईनं सही करू नका, कोणी कितीही घाई करू दे. आणि त्यातली भाषा आधी डोळ्याखालनं घाला. 'हे म्हणणे खरे आहे की...', 'हे म्हणणे खरे नाही की...' असं लिहितात. वकील विचारतो, "तुम्ही कधी आणायला गेला नाही, हे खरं आहे?" आपण गडबडीत मान डोलावतो. मान डोलावू नका. पूर्ण वाक्य बोला: "खरं नाही. मी गेलो होतो."

आता मी त्याचा उलटतपास कसा घेतला ते सांगते, कारण उद्या तुमच्यावर नेमकं हेच होणार आहे.

त्याच्या शपथपत्रात होतं की 8 ऑगस्ट 2019 ला तो स्वतः गाडीनं मला न्यायला कोल्हापूरला आला, मी यायला नकार दिला. तारीख वाचली आणि दोन दिवस मला जेवण गोड लागलं नाही. मग ध्यानात आलं, तारीख तर ओळखीची! महापूर. शिरोलीजवळ हायवेवर पाणी, सगळं कोल्हापूर बेट झालेलं, दूध-पेट्रोल नाही. मी वहीत तीन प्रश्न लिहिले. कुठल्या रस्त्यानं आलात? हायवेनं. शिरोलीजवळ कुठं थांबावं लागलं का? नाही, सरळ आलो. परत कधी गेलात? त्याच दिवशी संध्याकाळी. झालं. चौथा प्रश्न जिभेवर आला होता, मग खोटं का बोलताय? तो गिळला. विचारला असता तर त्यानं सारवासारव केली असती, तारीख टाईप करताना चुकली म्हणाला असता. मी खाली बसले आणि माझ्या पुराव्यात त्या आठवड्याची वर्तमानपत्रं यादीसोबत दाखल केली. पुढं त्याचा दावा फेटाळला. वर्षभरानं आम्ही दोघांनी संमतीनं घटस्फोट घेतला तो भाग वेगळा.

म्हणून सांगते, 'का' नं सुरू होणारा प्रश्न तिला एकही विचारू नका. 'का' विचारलं की समोरच्याला भाषण करायला मोकळं रान मिळतं.

आता तुमचं. दाव्यात वकिलांनी काय लिहिलंय? '23 जुलै 2021 रोजी जाबदार अर्जदारास सोडून गेली' असंच असणार. आणि तुम्ही वर स्वतःच्या हातानं लिहिलंय, मी नेऊन सोडलं. मी तिची वकील असते तर पहिला प्रश्न हाच: तुम्हीच सोडून आलात ना? हो म्हणाल, म्हणावंच लागेल. मग ती सोडून गेली कधी? तुम्ही म्हणाल दिवाळीला यायला नाही म्हणाली. दिवाळी 2021 म्हणजे नोव्हेंबर. दावा सप्टेंबर 2023 चा. परित्यागाला दाव्याच्या आधी सलग दोन वर्षं सोडून गेलेलं लागतं. बोटं मोजा. दोन वर्षं भरत नाहीत.

पूर ते दिवाळी या मधल्या काळात ती 'येणार नाही' म्हणालेली काही लेखी आहे का? चिठ्ठी, मेसेज, नांदायला ये म्हणून पाठवलेली नोटीस, काहीही. पिशवी पुन्हा उपसा. साठलेलं सगळं बाजूला ठेवा, त्यासाठी बहीण-भाऊ आहेत. कोर्टात एवढ्या एका गोष्टीवर उभं राहायचंय.

निवृत्त_बेंचक्लार्क

वरच्या ताईंनी बरंच सांगितलंय. मी बाकड्याच्या अलीकडची चार कामं सांगतो, 31 वर्षं तिथं काढली आहेत.

उद्याच नकलेचा अर्ज द्या. दावा, कैफियत, वाद-मुद्दे, पोटगीच्या अर्जावरचा हुकूम आणि रोजनामा (प्रत्येक तारखेला काय झालं त्याची कोर्टाची नोंद). जुन्या वकिलांकडून फाईल परत घ्याच, पण तिच्यावर विसंबू नका, एखादा कागद कमी असतोच. तुमच्या केसचा सोळा अक्षरी सीएनआर नंबर ई-कोर्ट ॲपवर टाकला की तारीख आणि टप्पा दिसतो. तरी सकाळी बोर्ड डोळ्यांनी बघा. पुकारा झाला आणि तुम्ही खाली चहाला गेलेले असाल तर दावा गैरहजेरीत काढून टाकतात आणि मग तो पुन्हा फाईलवर घ्यायला अर्ज, कारण, सगळं आलं. प्रत्येक कागदाच्या तीन प्रती: कोर्ट, समोरची बाजू, स्वतः. वर दस्तऐवजांची यादी. मूळ कागद हातात.

थकलेली पोटगी भरा. हे सगळ्यात आधी लिहायला हवं होतं. दोन महिन्यांचे 14000 थकवून तुम्ही पुराव्याला उभे राहिलात तर समोरून पहिला अर्ज येतो की आधी थकबाकी भरायला लावा, तोवर यांचं काही ऐकू नका. कोर्टालाही तो पटतो.

आणखी एक. कौटुंबिक न्यायालयात वकील हा कोणाचाच हक्क नाही, 1984 च्या कायद्याचं कलम 13. तिच्या वकिलांनाही कोर्टाच्या परवानगीनंच उभं राहावं लागतं. म्हणजे तुम्ही एकटे उभे राहताय यात कमीपणा काही नाही, कायदा तसाच बांधलाय. अडलात तर त्याच कलमात कोर्टाला न्यायमित्र, म्हणजे कोर्टाला मदत करणारा कायद्याचा जाणकार, नेमता येतो, तसा अर्ज द्या. आणि तुमचा पगार 24000 म्हणजे वर्षाचे 2 लाख 88 हजार. महाराष्ट्रात 3 लाखांच्या आत उत्पन्न असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो. बायकांना तर उत्पन्नाची अटच नाही. 15100 वर फोन करून विचारा. स्वतः लढायचं असेल तर लढा, पण हे माहीत असून लढा.

साहेबांच्या किंवा मॅडमच्या चेंबरमध्ये एकटं भेटायला जाऊ नका, चिठ्ठी पाठवू नका. दर महिन्याला एक तरी जातो.

सीएनसी_शिरोली

सगळ्यांचे आभार. दोन वर्षं भरत नाहीत हे वाचून मी मशीनजवळच खाली बसलो. वकिलांनी कधी हे बोललं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं.

पिशवीत काही नाही. पण माझा जुना फोन आहे, काच फुटलेला, कपाटात. त्यात तिचा 29 ऑगस्ट 2021 चा व्हॉट्सॲप मेसेज आहे: "पाणी उतरलं तरी मी तिकडं येणार नाही, परत विचारू नकोस." मी वकिलांना दाखवला होता, ते म्हणाले नंतर बघू. त्याचा स्क्रीनशॉट काढून लावला तर चालेल का? तेवढाच मेसेज लावू का पूर्ण बोलणं?

भडंगवाली

त्या मेसेजच्या वर-खाली काय आहे?

सीएनसी_शिरोली

खाली काही नाही. वर आहे.

वर तिनं लिहिलंय की पाणी चढत होतं तेव्हा तू आधी बुलेट मार्केट यार्डाकडं नेऊन लावलीस आणि मग आम्हाला न्यायला आलास, पोरगी तोवर कट्ट्यावर उभी होती.

नवखा_वकील_बावडा

पाच वर्षांचीच प्रॅक्टिस आहे, मोठ्यांनी चूक काढावी. फक्त मेसेजपुरतं बोलतो.

परित्यागाला दोन गोष्टी लागतात, वेगळं राहणं आणि कायमचं परत न येण्याचा इरादा. शिवाय ते वाजवी कारणाशिवाय आणि तुमच्या संमतीशिवाय असावं लागतं. पुरात तुम्हीच नेऊन सोडलंत ती संमती झाली. त्यामुळं 23 जुलै विसरा. इरादा दिसतो तो 29 ऑगस्टला. तिथून 18 सप्टेंबर 2023 पर्यंत दोन वर्षं आणि वर वीस दिवस होतात. तुमचा दावा या वीस दिवसांवर उभा आहे.

पण दाव्यात तो मेसेज लिहिलेलाच नसेल तर नुसता पुराव्यात आणून उपयोग नाही, दाव्यात नाही ते पुराव्यात ऐकत नाहीत. म्हणून सरतपासाचं शपथपत्र (तुमची स्वतःची साक्ष लिहून देता ते) दाखल करायच्या आधी दावा दुरुस्तीचा अर्ज द्या. पुरावा सुरू झाल्यावर दिलात तर 'आधी का नाही सुचलं' याचं उत्तर द्यावं लागतं. तुमच्याकडं 'वकिलांना दाखवला होता' एवढंच उत्तर आहे आणि ते फारसं चालत नाही.

नुसता स्क्रीनशॉट नको. 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे, पण तुमचा दावा त्याआधीपासून चालू आहे, म्हणून त्याला जुना 1872 चा पुरावा कायदाच लागतो आणि त्याच्या कलम 65ब खाली प्रमाणपत्र लागतं. कौटुंबिक न्यायालयाला कलम 14 खाली मोकळीक आहे, पुराव्याच्या कायद्यात न बसणारा कागदही ते वाचू शकतं, पण त्या मोकळिकीच्या भरवशावर प्रमाणपत्र टाळू नका. फोन विकू नका, रिसेट करू नका, काच बदलायला दुकानात टाकू नका. नवरा-बायकोतलं बोलणं कोर्टात चालत नाही असं कोणी सांगितलं तर घाबरू नका. सर्वोच्च न्यायालयानं 14 जुलै 2025 च्या निकालात जोडीदाराच्या नकळत केलेलं रेकॉर्डिंगसुद्धा घटस्फोटाच्या दाव्यात पुरावा म्हणून घेता येतं असं म्हटलंय.

आणि 'इतकी वर्षं वेगळे राहतोय, आता काय उरलंय' हा युक्तिवाद कौटुंबिक न्यायालयात करू नका. संसार पूर्ण मोडलाय एवढ्यावर घटस्फोट द्यायचा अधिकार फक्त सर्वोच्च न्यायालयाला आहे. हरलात तर अपील आता इथंच, 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू आहे, मुंबईच्या खेपा वाचल्या. जिंकलात तरी अपिलाची मुदत संपेपर्यंत दुसऱ्या लग्नाचा विषय घरात काढू देऊ नका.

भडंगवाली

कायदा वकीलसाहेबांनी सांगितला. बुलेटचं मी सांगते.

पूर्ण बोलणं लावा, वरच्या ओळींसकट. तुम्ही तेवढीच ओळ कापून लावलीत तर तिच्या फोनमध्ये बाकीचं आहेच, ती काढून दाखवेल आणि मग तुमच्या वीस दिवसांवर कोण विश्वास ठेवणार? तिचा बचाव तोच असणार, कारण होतं म्हणून आले नाही. वकील विचारेल, आधी गाडी हलवली हे खरं आहे का? खरं असेल तर 'हो' म्हणा. 'हो, पण हप्ते चालू होते' नको. 'हो, पण दहाच मिनिटांचा प्रश्न होता' नको. त्या 'पण'वर तो तुम्हाला अर्धा तास फिरवेल. एक 'हो', आणि गप्प.

आरशासमोर म्हणून बघा. मी बॅगेचं असंच म्हणून बघितलं होतं, दुसऱ्या वेळेला. पहिल्या काही वेळा निघत नाही.

आणि तिचा उलटतपास घेताना, दिवाळीला मामांबरोबर गडहिंग्लजला गेलो होतो हे तिला विचारायचंच आहे. ती नाही म्हणेल, म्हणू दे. आपली बाजू तिच्यापुढं ठेवली नाही तर पुढं म्हणतात, तेव्हा का नाही विचारलं. मामांना साक्षीला न्या, पण त्यांना सांगून ठेवा की स्वतः बघितलं-ऐकलं तेवढंच बोला. मामा लोकांना गावभर ऐकलेलं सांगायची हौस असते.

सीएनसी_शिरोली

दीड महिन्यानं लिहितोय. पोटगी भरली, भिशी मोडून. दुरुस्ती अर्ज आणि फोनचे कागद प्रमाणपत्रासकट एकाच तारखेला दिले. तिच्या वकिलांनी म्हणणं द्यायला मुदत घेतली. परवा हुकूम झाला, 500 रुपये खर्च बसवून दुरुस्ती मंजूर, कागद हरकत नोंदवून घेतले. विधी सेवावाल्यांकडं पण जाऊन आलो, कागद दिलेत. वकील मिळाला तरी वही मीच करून ठेवलीय, डाव्या पानावर तिच्या कैफियतीचा परिच्छेद, उजव्या पानावर प्रश्न. सात प्रश्न झालेत. एकातही 'का' नाही.

बाहेर बाकड्यावर मुलगी आलेली. उंच झालीय. तिनं विचारलं, "बुलेट आहे का अजून?" विकली म्हटलं. 2022 लाच विकली होती.

पुढच्या तारखेला माझा उलटतपास आहे. आरशासमोर 'हो' म्हणून होतंय आता. फोन सोबत न्यावा लागेल ना?

भडंगवाली

न्या. आदल्या रात्री चालू होतोय का बघा, जुन्या फोनची बॅटरी दगा देते. चार्जर पण घ्या, तुमच्या जुन्या पिनचा असेल तर तिथं कोणाकडं मिळायचा नाही.